सिल्व्हर क्लेची एकदिवसीय कार्यशाळा: लाटणं सोपं, भाजणं अवघड

सकाळी दहाला मातीसारखा गोळा हातात आणि संध्याकाळी पाचला गळ्यात चांदीचं पेंडंट, ही जाहिरात खोटी नाही. सिल्व्हर क्लेच्या एकदिवसीय कार्यशाळेत पहिल्यांदाच आलेली व्यक्तीही घालण्याजोगा दागिना घेऊन घरी जाते. पण त्या दिवसात शिकायला काय मिळालं, हे वाळवणं आणि भाजणं कोणाच्या हातून झालं यावर ठरतं. पुष्कळ वर्गांत चार तास ठसे उमटवण्यात जातात, मग सगळ्यांचे तुकडे ट्रेमध्ये गोळा होऊन आतल्या खोलीतल्या भट्टीत जातात. अशा वर्गाला आम्ही शिकवणी म्हणणार नाही, सहल म्हणू. सहलीचे पैसे द्यायला हरकत नाही, फक्त ते सहलीचे आहेत हे माहीत असावं.

आधी माल. हा प्रकार १९९० च्या सुमारास जपानमधल्या मित्सुबिशी मटेरियल्समध्ये जन्मला आणि पीएमसी (प्रेशस मेटल क्ले) या नावाने बाजारात आला. पाठोपाठ आयदा केमिकलची आर्ट क्ले आली. चांदीची अतिबारीक पूड, तिला धरून ठेवणारा सेंद्रिय चिकटा आणि पाणी, एवढंच त्यात असतं. भाजताना चिकटा जळून जातो, चांदीचे कण न वितळता एकमेकांना चिकटतात आणि उरते ९९९ टंचाची, म्हणजे जवळपास शुद्ध चांदी. म्हणजे चिकट्या-पाण्याची जागा रिकामी होते आणि तुकडा आकसतो. आर्ट क्ले ६५० सुमारे ८ ते ९ टक्के आकसते, पीएमसी थ्री १० ते १२ टक्के, आणि जुनी पीएमसी स्टँडर्ड तब्बल २८ टक्के. त्यामुळे नाव नोंदवताना पहिला प्रश्न हाच: कुठली क्ले, आणि किती ग्रॅम? १० ग्रॅमच्या पुडीतून भाजल्यावर साधारण ९ ग्रॅम चांदी हाती लागते. मध्यम पेंडंटला ७ ते १० ग्रॅम पुरतात. ‘साहित्य फीमध्ये समाविष्ट’ असं लिहून ग्रॅम सांगत नसतील, तर नाण्याएवढ्या चकतीची तयारी ठेवा.

लाटण्याचा भाग चांगले शिक्षक तासाभरात उरकतात आणि ते बरोबरच आहे. दोन्ही बाजूंना पत्त्यांच्या सारख्या थप्प्या ठेवून मधे क्ले लाटतात. तीन-तीन पत्त्यांनी सुमारे पाऊण मिलिमीटर, चार-चारांनी सुमारे एक मिलिमीटर जाडी येते. खोल ठसा उमटवायचा असेल तर एक-दोन पत्ते जास्त लावून लाटावं, कारण ठसा दाबताना तळ पातळ होतो आणि भाजल्यावर तिथेच तडकतो. हाताला आणि ठशाला ऑलिव्ह तेलाचं नुसतं बोट. तेल जास्त झालं की क्लेच्या घडीत शिरतं, तिथे पापुद्रे सुटतात आणि ते पुन्हा जुळत नाहीत. खाली टेफ्लॉनचा कागद हवा. अॅल्युमिनियमची फॉइल किंवा हत्यारं टेबलावर दिसली तर विचारा, कारण अॅल्युमिनियमचा अंश चांदीत मिसळला की भाजलेला तुकडा डागाळतो.

इथे हवामानाचा मोठा हात असतो. पुण्याच्या एप्रिलमध्ये पंख्याखाली क्लेला पाच मिनिटांत बारीक भेगा पडतात. मुंबईच्या जुलैमध्ये तीच क्ले निवांत वापरता येते, मात्र वाळायला ताटकळत ठेवते. वर्गात पंखा बंद असेल, न वापरलेला गोळा प्लॅस्टिकच्या आवरणात गुंडाळायला सांगत असतील आणि टेबलावर पाण्याचा फवारा असेल, तर शिक्षकाला काम येतं असं खुशाल धरा.

वाळवणं हाच खरा परीक्षेचा भाग. वरून कोरडा दिसणारा तुकडा आतून ओला असतो. तसाच भट्टीत गेला तर आतल्या पाण्याची वाफ होते, फोड येतो किंवा तुकडा फुटतो. तपासायची साधी रीत आहे: गरम प्लेटवरून उचललेला तुकडा लगेच थंड आरशावर किंवा स्टीलच्या ताटलीवर ठेवायचा आणि काही सेकंदांनी उचलायचा. खाली धुकं दिसलं तर पाणी बाकी आहे. प्रत्येकाच्या तुकड्याची ही चाचणी करून घेणारा वर्ग महाग असला तरी घ्या. पुढे कोरड्या तुकड्याला पॉलिश पेपर लावायचा, ४०० नंबरने सुरुवात, मग अधिक बारीक ६०० आणि १२००. क्ले कच्ची असताना पाच मिनिटांत निघणारा ओरखडा भाजल्यावर अर्धा तास खातो, तरी पुष्कळ वर्गांत घाईत कापली जाते ती नेमकी हीच पायरी. तोंडाला मास्क हवा. पडलेली पूड कागदावर जमवून पाण्यात कालवली की पेस्ट होते, टाकायची नाही. कोरडा तुकडा हातात मोडला तरी याच पेस्टने जोडतो, फक्त भेगेत ती थोडी उभार भरावी, कारण पातळ पेस्ट क्लेपेक्षा जास्त आकसते आणि सपाट भरलेली भेग भट्टीत पुन्हा उघडते.

भाजण्याच्या दोन तऱ्हा शिकवतात. पहिली टॉर्चची, म्हणजे हातात धरायच्या गॅसच्या ज्योतीची. फायरब्रिकवर (आच सोसणाऱ्या विटेवर) तुकडा, खोलीतला उजेड मंद, ज्योत सतत फिरती. आधी धूर आणि क्षणभर छोटी ज्वाळा दिसते, तो चिकटा जळतोय. मग तुकडा पांढरा पडतो आणि हळूहळू केशरी तेजाळतो. वेळ मोजायची ती या रंगापासून: ५ ग्रॅमला एक ते दीड मिनिट, १० ग्रॅमला दोन मिनिटांपर्यंत. २५ ग्रॅमच्या वर टॉर्चच्या भानगडीत पडू नये. पृष्ठभाग आरशासारखा चमकून थरथरू लागला की ज्योत ताबडतोब बाजूला घ्यायची, चांदी वितळायला लागलेली असते. वितळणबिंदू ९६२ अंश सेल्सिअसच्या जवळ आहे आणि टॉर्च तिथे सहज पोचतो. नवशिके मात्र बहुधा उलटी चूक करतात. घाबरून ज्योत लांब धरतात आणि तुकडा कच्चा राहतो. तो दिसायला पक्क्यासारखाच असतो, घासला की चमकतोही, आणि महिन्याभराने कडीच्या भोकापाशी तुटतो.

म्हणून चांगल्या वर्गात दागिन्यासोबत त्याच जाडीची एक छोटी पट्टीही भाजतात. ती पकडीने वाकवायची. वाकली तर पक्की, कडकन तुटली तर दागिनाही पुन्हा भाजायचा. कच्चा राहिलेला तुकडा परत भाजता येतो. ही पट्टी वर्गात दिसली नाही तर मागून घ्या, एखादा ग्रॅम खर्च होतो इतकंच.

दुसरी तऱ्हा भट्टीची. आर्ट क्ले ६५० ला ६५० अंशांवर ३० मिनिटं किंवा ८०० वर ५ मिनिटं पुरतात, असं बनवणारे सांगतात. ते पेंडंटला ठीक. अंगठीला पुरत नाही, कारण कमी तापमानाला कणांची पकड कमी बसते. पीएमसी थ्रीची पूर्ण ताकद ९०० अंशांवर दोन तास ठेवल्यावर येते. पाच वाजता सुटणाऱ्या वर्गात तेवढी सवड कुठून येणार? एकदिवसीय वर्गातल्या अंगठीबद्दल आमचं मत त्यामुळे प्रतिकूल आहे. शिवाय माप. १७ मिलिमीटर आतला व्यास हवा असेल तर ९ टक्क्यांच्या क्लेत १८.७ आणि १२ टक्क्यांच्या क्लेत १९.३ मिलिमीटरवर अंगठी घडवावी लागते, आणि पट्टा जसा रुंद-जाड तसं आकसणं बदलतं. आतमध्ये बोटाच्या मापाची, आच सोसणारी गोळी बसवून भाजली तर वर्तुळ टिकतं. ही गोळी वर्गात नसेल तर अंगठी सोडा, पेंडंट करा. जोडव्यांचा तर विचारच नको. ९९९ ची चांदी मऊ, आणि रोज फरशीवर घासणाऱ्या दागिन्याला क्ले हा माल नव्हे.

खडे बसवायचे असतील तर क्युबिक झिर्कोनिया आणि प्रयोगशाळेतले माणिक-नीलम आच सोसतात. मोती, पोवळं, ओपल भट्टीत जाऊ शकत नाहीत. खड्याचा कमरपट्टा, म्हणजे त्याची सगळ्यात रुंद कड, क्लेच्या पातळीच्या किंचित खाली दाबावा, म्हणजे आकसताना धातू त्यावर चढून पकडतो. वर राहिला तर खडा निसटतो. खडा असलेला गरम तुकडा पाण्यात बुडवायचा नाही.

ब्राँझ क्लेची एकदिवसीय कार्यशाळा स्वस्त पडते, पण ती घेऊ नका. तांबं असलेली क्ले उघड्यावर काळी पडते, म्हणून ती स्टीलच्या डब्यात सक्रिय कोळशात पुरून काही तास भाजावी लागते. आकसतेही २० टक्क्यांच्या आसपास. एका दिवसात तुमच्या हाती येतं ते फक्त लाटणं आणि ठसे. भाजण्याचं काम रात्री शिक्षक करतात आणि दागिना कुरिअरने येतो. दोन दिवसांचा वर्ग असेल तरच विचार करा, आणि डबा उघडताना तुम्ही हजर असाल का ते विचारा. तडकलेल्या, फोड आलेल्या आणि भुसभुशीत राहिलेल्या तुकड्यांवरून भट्टीचं तापमान ओळखायला तिथेच शिकता येतं.

भट्टीतून निघालेली चांदी पांढरी, खडूसारखी दिसते. पितळी ब्रश आणि साबणाच्या पाण्याने घासली की चमक येते. हे दहा मिनिटांचं काम प्रत्येकाच्या हातात द्यायला हवं. लिव्हर ऑफ सल्फरने (चांदी काळवंडवणाऱ्या गंधकाच्या रसायनाने) काळेपणा देणार असतील तर द्रावण फिकट आणि कोमट असावं. दाट द्रावणातला थर पापुद्र्यासारखा सुटतो. वासाची तक्रार करू नये, तो तसाच असतो.

घरी आल्यावर कडी बसवायला सोनाराकडे जाल, तेव्हा त्याला हे क्लेचं काम आहे असं आधी सांगा. भाजलेल्या क्लेत सूक्ष्म पोकळ्या असतात आणि त्या डाग, म्हणजे जोडणीसाठी वितळवलेला धातू, शोषून घेतात. जिथे डाग द्यायचा ती जागा आधी स्टीलच्या घोटणीने घोटून बंद करावी लागते. पत्र्यासारखी हातोडीने ठोकून पातळ करायला गेलात तर तडा जातो. उरलेली क्ले वर्गातच सोडून येऊ नका. फीमध्ये तिचे पैसे आहेत. प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून, ओल्या स्पंजाच्या तुकड्यासोबत हवाबंद डबीत ठेवली तर टिकते, आणि कोरडी पडलीच तर पाणी घालून पेस्ट करता येते.