व्यसनातून सावरणाऱ्याच्या हाती पैसा : मुळीच नको, थोडा की सगळा?

व्यसनमुक्ती केंद्रातून माणूस घरी आला की पहिल्याच आठवड्यात प्रश्न उभा राहतो : आता याच्या पगाराचं काय करायचं? एटीएम कार्ड बायकोकडे की त्याच्याकडे? बऱ्याच घरांत हे भीतीपोटी ठरतं, आणि ती भीती अनुभवातून आलेली असते. पगाराचा दिवस खरोखरच धोक्याचा असतो. लॉस एंजेलिसमध्ये स्किझोफ्रेनियासोबत कोकेनचं व्यसन असलेल्या रुग्णांचा एक अभ्यास 1995 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला. महिन्याच्या सुरुवातीला सरकारी भत्ता हाती पडला की त्यांचं कोकेन वाढायचं आणि रुग्णालयात भरती होणंही वाढायचं. आपल्याकडे एक तारखेला काय होतं, हे दारू पिणाऱ्याच्या घरी कुणाला सांगावं लागत नाही.

तरीही पैसा सांभाळणं ही शिकून येणारी गोष्ट आहे, आणि हातात पैसा नसताना ती शिकता येत नाही. तुमच्यासमोरचे तिन्ही मार्ग मी याच कसोटीवर पाहते.

सगळा पैसा घरच्यांकडे

सुरुवातीचे दोन-तीन महिने हाच मार्ग बरा. तलफ आली तेव्हा खिशात चपटीपुरते पैसे नसणं, हा मोठा आधार असतो. भाडं, किराणा, मुलांची फी वेळेवर जाते आणि घराला श्वास घेता येतो.

पण हेच वर्षभर चाललं की बायकोची पोलीस होते. चहाला दहा रुपये मागायचे, पेट्रोलला शंभर मागायचे, प्रत्येक वेळी कशाला ते सांगायचं. माणूस मग ठेकेदाराकडून गुपचूप उचल घेतो, ओव्हरटाइमचे पैसे घरी सांगत नाही, न झालेल्या पंक्चरचे पैसे मागतो. दारू सुटलेली असते, पण दारूसाठी लागलेली खोटं बोलण्याची सवय पुन्हा कामाला लागते. मग एक दिवस ‘आता सुधारला’ म्हणून कार्ड एकदम हाती दिलं जातं, आणि मधल्या काळात तो काहीच शिकलेला नसतो. म्हणून हा मार्ग निवडलात, तर कार्डाचा ताबा कधी सैल करायचा त्याची तारीख त्याच दिवशी लिहून ठेवा.

जुगाराचं व्यसन असेल तर गोष्ट वेगळी. तिथे पैसा हाच नशेचा माल. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर 2025 मध्ये केंद्राने कायद्याने बंदी आणली, तरी ओढ कायद्याने जात नाही. गॅम्बलर्स अनॉनिमस या जुगार सोडू पाहणाऱ्यांच्या मदतगटात जुने सदस्य नवरा-बायकोसोबत बसून घरखर्च आणि कर्जफेडीचा आराखडा करून देतात आणि पैशांचा ताबा जोडीदाराकडे द्यायला सांगतात. जुगाऱ्याच्या घरी मीही हेच, आणि दीर्घकाळ, सुचवेन.

ठरलेली रक्कम आणि हिशेबाची वही

दारू किंवा इतर नशेतून बाहेर पडणाऱ्या बहुतेकांसाठी माझं मत या मार्गाला आहे. पगार झाला त्याच दिवशी भाडं, किराणा, लाइट बिल, हप्ते चुकते करायचे. उरलेल्यातून एक आठवड्याची रक्कम त्याच्या हाती, आणि ती सोमवारी. शनिवारी संध्याकाळी हातात पैसे देऊ नका.

रोज रात्री त्याने स्वतः खर्च लिहायचा, तंबाखूसकट. खर्चापुढे दोन शब्द मनःस्थितीचे. अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या मदतगटाच्या मीटिंगला जाणारे भूक, राग, एकटेपणा आणि थकवा हे चार धोके ओळखून असतात. चार आठवड्यांची वही उलटली की नको ते खर्च बहुधा या चारांच्या आसपासच सापडतात. वही घरच्यांनी आठवड्यातून एकदाच पाहायची, ठरलेल्या वेळी, आवाज न चढवता. हिशेब चुकला तर रक्कम तीच ठेवा. खोटा निघाला तर महिनाभर कमी करा. सलग तीन महिने जुळला तर वाढवा, आणि वीजबिल भरण्यासारखं एक काम पूर्णपणे त्याच्याकडे द्या.

रोख की यूपीआय? रोख संपली की संपली, ही तिची चांगली बाजू. पण ती कुठे गेली याचा माग राहत नाही. यूपीआयचा माग राहतो, मात्र त्याच फोनमध्ये झटपट कर्ज देणारी ॲप असतात. 2024 मध्ये आलेली यूपीआय सर्कलची सोय इथे कामाला येते : खातं बायकोचं, वापरणारा तो, महिन्याला जास्तीत जास्त 15,000 आणि एका व्यवहाराला 5,000 रुपयांपर्यंत. प्रत्येक खर्चाला मंजुरी मागणारा प्रकारही तिच्यात आहे, तो शक्यतो टाळा. चार लोकांदेखत टपरीवर बायकोच्या मंजुरीची वाट पाहणं माणसाच्या जिव्हारी लागतं.

स्वतःचं खातं, पण कुलपं लावलेलं

नोकरी टिकली आहे, मीटिंग चुकत नाही, वर्ष नीट गेलं आहे, अशांसाठी हा मार्ग. 2020 पासून कार्डाची मर्यादा ग्राहकाला स्वतः ठरवता येते, ऑनलाइन वापर बंद ठेवता येतो. पोस्टाचं आवर्ती ठेव खातं महिना 100 रुपयांपासून उघडतं. मुदत पाच वर्षांची, आणि तीन वर्षांआधी ते मोडता येत नाही, हा इथे फायदाच. क्रेडिट कार्ड मात्र नको. भिशीही नको, कारण नंबर लागला की मोठी रक्कम एकदम हातात येते.

कोणताही मार्ग निवडा, बायकोचा पगार आणि तिच्या बचत गटाचे पैसे या व्यवस्थेत आणू नका. घरात मारहाण होत असेल किंवा पिणं अजून चालू असेल, तर वरच्या निवडीला अर्थच नाही. आधी तिचं खातं, दागिने आणि कागदपत्रं सुरक्षित करायची.

राहिली उधारी. सावरणाऱ्याला अपराधीपणापोटी सगळं एकदम फेडायचं असतं आणि त्यासाठी घरातलं सोनं मोडावंसं वाटतं. तसं करू देऊ नका. यादी करायला लावा, हप्ते बांधा, आधी दूधवाला, किराणावाला आणि भाडं. सावकार दमदाटी करत असेल तर त्याच्याकडे 2014 च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखालचा परवाना आहे का ते पाहा, नसेल तर सहकार खात्याच्या सहायक निबंधकांकडे तक्रार करता येते. आणि बारची किंवा गुत्त्याची उधारी असेल तर ती द्यायला त्याला पाठवू नका, भावाने किंवा मित्राने जाऊन चुकती करावी.