लॅक्टमेड : हृदयतालाची औषधे आणि स्तनपान यांविषयीचा माहितीकोश

हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी औषध घेणाऱ्या बाळंतिणीने बाळाला अंगावर पाजावे की नाही, या प्रश्नावर औषधासोबतचे पत्रक बहुधा 'स्तनपान टाळावे' एवढे सांगून हात झटकते. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या संकेतस्थळावर मिळणारा 'लॅक्टमेड' हा विनामूल्य माहितीकोश मात्र औषध दुधात किती उतरते, बाळाच्या रक्तात किती सापडले, बाळावर काय परिणाम नोंदले गेले आणि पर्याय कोणते, हे प्रत्येक औषधाच्या नोंदीत स्वतंत्रपणे मांडतो.

त्याचे खरे मोल एकाच गटातील औषधांची तुलना करताना कळते. प्रोप्रानोलॉल आणि मेटोप्रोलॉल ही बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंदावणारी) औषधे दुधात अत्यल्प उतरतात; त्याच गटातील अ‍ॅटेनोलॉल आणि सोटॅलॉल मात्र रक्तातील प्रथिनांना फारशी चिकटत नसल्यामुळे दुधात अधिक प्रमाणात येतात आणि मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर पडत असल्यामुळे नवजात, विशेषतः अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या शरीरात साचू शकतात. पत्रकांत हा भेद क्वचितच उमगतो. अ‍ॅमिओडेरोनची नोंद तर आवर्जून वाचावी अशी आहे: या औषधाच्या वजनाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग आयोडीन असून हे औषध शरीरात अनेक आठवडे टिकते, त्यामुळे आयोडीनचा बाळाच्या थायरॉइड ग्रंथीवर परिणाम होण्याचा प्रश्न गोळी थांबवल्यावरही लगेच मिटत नाही. याउलट तातडीच्या वेळी शिरेतून दिले जाणारे अ‍ॅडेनोसिन रक्तातून काही सेकंदांतच नाहीसे होते. डिगॉक्सिनही दुधात फारच थोडे उतरते.

उणिवाही आहेत. मजकूर इंग्रजीत आणि वैद्यकीय परिभाषेत आहे. काही औषधांविषयीचा पुरावा मोजक्याच मातांच्या दुधाच्या तपासणीवर उभा आहे. नोंदीत ते प्रामाणिकपणे सांगितलेले असते, पण केवळ सारांश वाचणाऱ्याच्या ते नजरेतून निसटते. शिवाय आईची मात्रा, तिची इतर औषधे आणि बाळाचे वय यांचा एकत्रित विचार हा कोश करून देत नाही, आणि तशी अपेक्षाही नसावी. मात्र त्यातील एखादे वाक्य वाचून घाबरून गोळी परस्पर बंद केली, तर आईच्याच जिवाला धोका संभवतो.

माझ्या मते हा कोश हृदयरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ या दोघांसमोर उघडून, बाळाच्या नाडीवर, दूध ओढण्यावर आणि सुस्तीवर किती दिवस लक्ष ठेवायचे हे त्यांच्याकडून ठरवून घेण्यासाठी वापरावा.