दोन लाइनी, तीन नेटवर्क कार्डं: फ्रीबीएसडीवर आठ महिने

सातपूरला आमच्या मशीन शॉपच्या ऑफिसात दोन कंपन्यांच्या इंटरनेट लाइनी आहेत. एक गेली तरी काम अडू नये म्हणून दिवाळीनंतर एका जुन्या पीसीवर फ्रीबीएसडी १४ ही युनिक्स घराण्यातली मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकली आणि त्या पीसीलाच राउटर केलं. मदरबोर्डवरचं रिअलटेक कार्ड, वरून बसवलेलं आणखी एक रिअलटेक आणि ऑफिसच्या स्विचकडे जाणारं इंटेलचं, अशी तीन कार्डं.

पहिल्याच आठवड्यात दुसरी लाइन नुसती पडून राहायची. दोन्ही मॉडेमचा पत्ता १९२.१६८.१.१. नेटस्टॅट कमांडने रूट (कुठला डेटा कुठल्या कार्डातून जायचा त्या वाटा) बघितले तर ते नेटवर्क एकदाच, तेही पहिल्या कार्डासमोर. म्हणजे दुसऱ्या मॉडेमला पिंग केलं (आहेस का, असं विचारलं) तरी उत्तर पहिलाच देत होता! एका मॉडेमचं नेटवर्क बदललं आणि प्रश्न मिटला.

खरा धडा मे महिन्यात मिळाला. फ्रीबीएसडीत कार्डाचं नाव ड्रायव्हरवरून, म्हणजे ते चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवरून, पडतं: रिअलटेकची आरई ० आणि आरई १, इंटेलचं ईएम ०. मला ही पद्धत आवडते, नावावरूनच कार्ड कुठलं ते कळतं. पण वळवाच्या पावसात वीज कडाडली, मदरबोर्डवरचं कार्ड गेलं आणि मशीन परत चालू केल्यावर दोन्ही लाइनी बंद. एक बंद पडली हे समजू शकतो, दुसरी का? दोन तास केबली बदलण्यात गेले. शेवटी कार्डांची यादी देणाऱ्या आयएफकॉन्फिग कमांडने दाखवलेलं शांतपणे वाचलं, तर आरई १ यादीतच नव्हतं. मेलेलं कार्ड ओळखलंच न गेल्यामुळे जिवंत कार्ड आरई ० झालं होतं, आणि पहिल्या लाइनीची सेटिंग दुसऱ्या लाइनीच्या तारेवर लागली होती. आता बदली कार्ड बसवलंय, पीसीआयकॉन्फ कमांडने कुठलं कार्ड कुठल्या स्लॉटमध्ये ते बघून डिव्हाइस हिंट्स या सेटिंगच्या फाइलमध्ये नंबर पक्के केलेत आणि प्रत्येक कार्डाच्या पट्टीवर मॅक पत्त्याची (कार्डाच्या कायमच्या ओळख क्रमांकाची) चिठ्ठी डकवलीय. तीन कार्डं लावणाऱ्याने हे पहिल्याच दिवशी करावं, अगदी कळकळीने सांगतो.

दुसऱ्या लाइनीवरून घरून व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी) लावलं की जोडणी लटकायची. येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारा टीसीपीडंप दोन्ही कार्डांवर लावला तेव्हा दिसलं: पॅकेट येतंय दुसरीकडून, उत्तर जातंय डिफॉल्ट रूटने पहिलीकडून. पीएफ या फायरवॉलच्या नियमात रिप्लाय-टू (जिकडून आलं तिकडूनच उत्तर) घातल्यावर सुरळीत.

एक उणीव मात्र आहे. मॉडेम चालू आणि पुढची फायबर तुटलेली असली, तरी कार्डाचं स्टेटस ॲक्टिव्हच दिसतं, रूट आपोआप बदलत नाही. त्यासाठी दर मिनिटाला बाहेर पिंग करणारी आणि उत्तर नाही आलं तर रूट बदलणारी छोटी स्क्रिप्ट क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीत) टाकलीय. गेल्या आठवड्यात रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटली, तेव्हा मिनिटभरात दुसऱ्या लाइनीवर काम सुरू झालं. चालू व्हिडिओ कॉल तेवढा तुटला, कारण बाहेरचा पत्ताच बदलतो.