अनुदान मंजूर झालंय सांगून आमच्या संस्थेकडून ४६,५०० रुपये नेले

ठाण्यात लोकमान्यनगरला आम्ही सात बायका मिळून संध्याकाळची अभ्यासिका चालवतो. मुलं बहुतेक घरकाम करणाऱ्या बायकांची. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे, हिशेब दरवर्षी तपासून घेतो. पैसा मात्र जेमतेम, रद्दी आणि दिवाळीच्या फराळावर जमतो तेवढाच.

जुलैत फोन आला. "ताई, दिल्लीहून बोलतोय. तुमच्या संस्थेचं १३ लाखांचं अनुदान मंजूर झालंय." आम्ही अर्जच केला नव्हता. तिथेच थांबायला हवं होतं. पण त्याने नोंदणी क्रमांक, संस्थांची नोंद असलेल्या दर्पण या सरकारी पोर्टलवरचा आयडी, विश्वस्तांची नावं धडाधड सांगितली आणि वर विचारलं, "८०जीचं तात्पुरतं प्रमाणपत्र संपत आलंय ना?" देणगीदारांना करसवलत मिळते ती याच प्रमाणपत्रावर, आणि ते खरंच संपत आलं होतं. एवढी आतली माहिती सरकारी माणसाशिवाय कुणाला असणार, असं वाटलं.

आमच्या सीएंनी नंतर उलगडून सांगितलं. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर आमची सगळी माहिती कुणालाही दिसत होती. तात्पुरतं प्रमाणपत्र ३ वर्षांचंच असतं, आणि नव्या छोट्या संस्था सगळ्या त्याच फेऱ्यात असतात. त्याने अंदाजानेच दगड मारला होता.

आधी "फाइल चार्ज" म्हणून ७,५०० मागितले. मग एक माणूस तलावपाळीला भेटायला आला, गळ्यात ओळखपत्र, हातात मंजुरीपत्र. वर तीन सिंहांची मुद्रा, खाली गोल शिक्का. पत्त्यात "लोकमन्यनगर" असं चुकीचं छापलेलं होतं. दर्पणवर नोंदणी करताना नेमकी हीच चूक मी केली होती. पत्र आमच्याच संस्थेचं असल्याची ती खूण मला वाटली. खरं तर माहिती कुठून उचलली, ते त्या एका शब्दात दिसत होतं. अनुदानाच्या ३ टक्के अनामत, म्हणजे ३९,००० रुपये, आम्ही त्याच संध्याकाळी एका खासगी व्यक्तीच्या खात्यावर पाठवले. पावती मागितली, तर म्हणाला, "अनुदानासोबतच येईल."

त्यानंतर फोन बंद.

खजिनदार काकू दोन दिवस जेवल्या नाहीत. त्या पैशांतून मुलांची दप्तरं यायची होती. लाजेपायी आम्ही चार दिवस कुणाला बोललो नाही, आणि तिथेच सगळ्यात मोठं नुकसान झालं. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन केला असता तर कदाचित पैसे खात्यात गोठवता आले असते. आम्ही तक्रार केली तोवर ते पुढे निघून गेले होते.

आता नीट माहिती काढली आहे, म्हणून लिहिते. दर्पणची नोंदणी फुकट आहे. ८०जीच्या नोंदणीचा अर्ज आयकराच्या पोर्टलवर भरायला सरकारी शुल्क नाही. केंद्राच्या सामाजिक न्याय खात्याचं अनुदान हवं असेल तर ई-अनुदान पोर्टलवर आपणच अर्ज करायचा असतो. कागद आणि काम तपासलं जातं, पैसे संस्थेच्याच खात्यात येतात आणि नंतर ते कशावर खर्च झाले याचं विनियोग प्रमाणपत्र द्यावं लागतं. या सगळ्यात कुठेही कुणाला अनामत भरायची नसते. अर्ज न करता मंजूर झालेलं अनुदान नसतंच.

गेल्या आठवड्यात कळव्याच्या एका महिला मंडळाच्या ताईंचा फोन आला. त्यांना तसाच निरोप आला होता. त्या फोन करणाऱ्या माणसाशी पुन्हा बोलल्या तेव्हा मी शेजारी बसले होते. फोन स्पीकरवर होता. आवाज तोच. मी चिठ्ठीवर लिहून दिलं तसं त्यांनी विचारलं, "कुठल्या योजनेचं, अन् आमचा अर्ज क्रमांक काय?"

त्याने फोन ठेवला.