महाराष्ट्राचं आरटीआय ऑनलाइन पोर्टल: रस्त्याच्या कामाचे कागद मिळतात का?

माहिती अधिकाराचा (आरटीआय) अर्ज टाकण्यापुरतं हे पोर्टल चोख आहे. कार्यालय निवडा, मजकूर लिहा, १० रुपये ऑनलाइन भरा, नोंदणी क्रमांक घ्या. कोर्ट फी स्टॅम्प शोधत हिंडणं नाही, पोच द्या म्हणून विनवण्या नाहीत. रस्ता, पूल, नाल्याच्या कामांसाठी मात्र पाचपैकी तीनच गुण, कारण खरी लढाई अर्ज गेल्यानंतर सुरू होते.

नुसतं 'सार्वजनिक बांधकाम विभाग' निवडलं, तर अर्ज मंत्रालयात पडून मंडळ, विभाग, उपविभाग असा खाली घरंगळत येऊ शकतो. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(३) नुसार हस्तांतर पाच दिवसांत व्हायला हवं. व्हायला हवं, एवढंच. कामाची देयकं कार्यकारी अभियंत्याच्या कार्यालयातून निघतात, म्हणून यादीत थेट तेच शोधावं. रस्ता राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा असेल तर केंद्राच्या वेगळ्या पोर्टलवर जावं लागतं.

२०१२ पासून राज्यात अर्जाला १५० शब्द आणि एकच विषय अशी मर्यादा आहे. कागद मागणाऱ्याला ती पुरते, जाब विचारणाऱ्याला पुरत नाही. 'रस्ता पहिल्याच पावसात का उखडला?' याचं उत्तर 'माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची आहे' असं येतं आणि ते टिकतंही, कारण जनमाहिती अधिकाऱ्याने (अर्जाला उत्तर देणारा कार्यालयातला अधिकारी) द्यायचं ते दप्तरी असलेलं; खुलासा तयार करून देणं त्याच्यावर बंधनकारक नाही. त्याऐवजी निविदेतलं कामाचं नाव आणि कार्यारंभ आदेशाचा क्रमांक लिहून मंजूर अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाची मापं लिहिलेली वही), सर्व चालू देयकं (काम सुरू असताना टप्प्याटप्प्याने काढलेली बिलं), चाचणी अहवाल, डांबर आणल्याची रिफायनरीची चलनं आणि मुदतवाढीचे आदेश मागावेत. नाव माहीत नसेल तर कामावरचा फलक किंवा महाटेंडर्स हे राज्याचं निविदांचं संकेतस्थळ पाहावं.

याच अर्जात 'कलम २(ञ) नुसार अभिलेखांची पाहणी करून हवी ती पानं निवडेन' हे वाक्य घालायचंच. नाहीतर शेकडो पानांचं, पानाला २ रुपयांप्रमाणे शुल्कपत्र येतं आणि ते पाठवल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस उत्तराच्या ३० दिवसांच्या मुदतीत धरले जात नाहीत. पाहणीला पेन्सिल न्यावी. नियमानुसार पेन जमा करावं लागतं. मोजमाप पुस्तिकेत आधी जाडीचा रकाना पाहावा. लांबी-रुंदी जागेवर टेपने मोजता येते, जाडी डांबराखाली गाडलेली असते, म्हणून खेळ तिथेच होतो. मग चलनांचे क्रमांक उतरवून घ्यावेत. एकच चलन दोन कामांना जोडलेलं असेल, तर ते शेजारच्या कामाची फाइल उघडल्यावरच कळतं.

नकाराचे साचे ठरलेले. 'त्रयस्थ पक्षाची हरकत आहे' हा सर्वांत लाडका. कलम ११ नुसार कंत्राटदाराचं म्हणणं ऐकायचं असतं, पण निर्णय जनमाहिती अधिकाऱ्याचा. हरकत म्हणजे नकाराधिकार नव्हे. व्यापारी गुपिताचं कलम ८(१)(घ) एखाद्या तांत्रिक आराखड्याला लागू पडेलही, पण सरकारी पैशातून भागवलेल्या देयकाला ते लावणं हास्यास्पदच. 'चौकशी सुरू आहे' म्हटलं, तर माहिती दिल्याने तपासात अडथळा कसा येईल हे दाखवावं लागतं. एखादा भाग झाकायचाच असेल तर कलम १० नुसार तेवढाच झाकून बाकीचं द्यायचं. नकार योग्य होता हे अपिलात सिद्ध करायची जबाबदारीही जनमाहिती अधिकाऱ्याचीच, कलम १९(५). 'अभिलेख आढळून येत नाही' या उत्तरावर महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ चा उल्लेख करून शोधाची आणि जबाबदारी निश्चितीची लेखी मागणी करावी.

प्रथम अपील ३० दिवसांत, शुल्क २० रुपये. ३० दिवस उलटून गेल्यावर दिलेली माहिती कलम ७(६) नुसार मोफत असते, हे अपिलात स्पष्ट लिहावं. दुसरं अपील ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे. रोज २५० रुपये, कमाल २५,००० हा दंड फक्त आयोगच लावू शकतो, आणि तिथे तारीख लागायला फार वेळ जातो.

घाई असेल तर पोर्टल बाजूला ठेवावं. २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन परिपत्रकानुसार जिल्हास्तरीय कार्यालयं, जिल्हा परिषद आणि महापालिकांत सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख पाहायला मिळतात, अर्जाविना. जाताना परिपत्रकाची प्रत सोबत ठेवावी. बऱ्याच टेबलांना ते ठाऊकच नसतं.