थर्मोस्टॅट: साधा प्रोग्रॅमेबल घ्यावा की स्मार्ट? आधी झाकण उघडा

थर्मोस्टॅट, म्हणजे घराचं तापमान सांभाळणारं भिंतीवरचं यंत्र, बदलायचं ठरलं की बहुतेक जण मॉडेलं बघतात, रिव्ह्यू वाचतात आणि डबा घरी आल्यावर भिंतीवरचा जुना उघडतात. हा क्रम उलटा करा. जुन्याचं झाकण काढून आत किती वायरी आहेत आणि त्या कुठल्या अक्षरांना जोडल्यात हे पाहिलं, की निम्मा निर्णय तिथेच होतो. उरलेला निम्मा घरातली माणसं कधी बाहेर पडतात आणि कधी परततात यावर ठरतो. स्क्रीन किती देखणी आहे, हा मुद्दा बराच खालचा.

हे सगळं फर्नेस (हवा तापवणारी भट्टी), बॉयलर (पाणी तापवून फिरवणारा), हीट पंप (एसीसारखं, पण उलटं चालून घर तापवूही शकणारं यंत्र) किंवा डक्टवाला, म्हणजे नळ्यांतून हवा पोचवणारा एसी असलेल्या घरांसाठी आहे, जिथे एक थर्मोस्टॅट अख्खं घर किंवा मजला सांभाळतो. रिमोटवरच्या स्प्लिट एसीला यातला कुठलाच बसत नाही. त्याच्यासाठी रिमोटची नक्कल करणारे इन्फ्रारेड कंट्रोलर मिळतात, पण तो विषय वेगळा.

बचत नक्की कशाने होते

प्रोग्रॅमेबल म्हणजे आत वेळापत्रक भरता येणारा, स्मार्ट म्हणजे त्याशिवाय वायफाय आणि फोनला जोडलेला. दोन्ही प्रकारांची बचत एकाच गोष्टीतून येते: घरात कोणी नसताना किंवा सगळे झोपलेले असताना हीटिंग खाली आणणं, कूलिंग वर नेणं. याला सेटबॅक म्हणतात. हिवाळ्यात घरातून बाहेर जाणारी उष्णता आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकाच्या प्रमाणात असते. बुडाला भोक असलेली टाकी जितकी भरलेली, तितकी जोरात गळते, तसंच. म्हणून ‘घर थंड होऊ दिलं तर परत तापवायला जास्तच इंधन जातं’ हा समज साध्या फर्नेसच्या बाबतीत खरा नाही. जितके तास घर थंड राहिलं, तितके तास गळती कमी झाली.

अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा अंदाज असा, की रोज ८ तास तापमान ७ ते १० अंश फॅरनहाइटने (सुमारे ४ ते ५.५ अंश सेल्सिअस) बदललं, तर हीटिंग-कूलिंगच्या खर्चात वर्षाला १० टक्क्यांपर्यंत बचत होते. यात ‘स्मार्ट’ हा शब्द कुठेही नाही. रोज न चुकता हाताने बटण फिरवणाऱ्यालाही हीच बचत मिळेल. प्रश्न एवढाच, की न चुकता कोण फिरवतं?

याच प्रश्नावर साधा प्रोग्रॅमेबल एकदा नापास झाला होता. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने एनर्जी स्टारचं, म्हणजे वीज-इंधन वाचवणाऱ्या उपकरणांना मिळणारं लेबल प्रोग्रॅमेबल थर्मोस्टॅटवरून २००९ च्या अखेरीस काढून घेतलं. कागदावर दिसणारी बचत घरांमध्ये दिसत नव्हती. यंत्र ठीक होतं, पण लोक वेळापत्रक भरतच नव्हते, किंवा भरून मग ‘होल्ड’ (वेळापत्रक बाजूला ठेवून एकच तापमान धरून ठेवणारं बटण) दाबून ठेवत होते. २०११ मध्ये नेस्ट या कंपनीचा, घरच्यांच्या सवयी पाहून स्वतःच वेळापत्रक बनवणारा ‘शिकणारा’ थर्मोस्टॅट आला, त्यामागोमाग इतर आले, आणि २०१७ पासून एनर्जी स्टारचं लेबल स्मार्ट थर्मोस्टॅटना मिळू लागलं. या वेळी अट होती ती प्रत्यक्ष घरांमधून आलेल्या माहितीत बचत दिसण्याची. एनर्जी स्टार सरासरी बचत हीटिंग-कूलिंगच्या बिलाच्या ८ टक्क्यांच्या आसपास सांगतं. हा आकडा वाचताना ‘सरासरी’वर बोट ठेवा. चोवीस तास एकाच तापमानावर घर ठेवणाऱ्याला जास्त मिळेल. ज्याचा साधा प्रोग्रॅमेबल आधीपासून नीट लावलेला आहे, त्याच्या हाती फारसं काही लागणार नाही.

साधा प्रोग्रॅमेबल

वेळापत्रकावरून याचे तीन प्रकार पडतात. ५-२ मध्ये पाच दिवस एकसारखे आणि दोन दिवस वेगळे, ५-१-१ मध्ये शनिवार-रविवारही स्वतंत्र, आणि सात-दिवसीमध्ये प्रत्येक वार वेगळा. घरात कुणाची सुट्टी मधल्या वारी असेल किंवा पाळ्यांची नोकरी असेल, तर ५-२ चा उपयोग नाही. निवड असेल तर सरळ सात-दिवसी घ्या. प्रत्येक दिवसाला साधारण चार टप्पे असतात: उठणं, बाहेर पडणं, परतणं, झोपणं.

याचं मोठं बळ म्हणजे त्याला कुणाची गरज नसते. बरेचसे दोन पेन्सिल सेलवर चालतात. वायफाय गेलं, राउटर बदलला, पासवर्ड विसरला, याला काही फरक पडत नाही. खाते नाही, ॲप नाही, अपडेट नाही.

दुबळेपणा त्या छोट्या बटणांत आहे. एखाद्या संध्याकाळी कुणाला गारठा वाटतो, तो दोन अंश वाढवून ‘होल्ड’ दाबतो, आणि पडद्याच्या कोपऱ्यातला तो बारीक शब्द पुढे अख्खा हिवाळा तसाच राहतो. आतलं वेळापत्रक शाबूत असतं, पण झोपलेलं. बहुतेक मॉडेलांत फक्त बाण दाबून केलेला बदल पुढच्या टप्प्यापर्यंतच टिकतो आणि ‘होल्ड’ कायमचा असतो. घरातल्या सगळ्यांना हा एवढा फरक समजावून सांगितला, तर साधा थर्मोस्टॅट बराच हुशार होतो.

स्मार्ट

सगळ्यात उपयोगी गोष्ट जाहिरातीत मागे पडते: वेळापत्रक फोनच्या मोठ्या पडद्यावर, बोटाने ओढून, दहा मिनिटांत भरता येतं. आणि परतीचा प्रवास लांबला तर तिथूनच बदलता येतं. माझ्या मते स्मार्टची निम्मी किंमत इथेच वसूल होते.

‘शिकणारा’ थर्मोस्टॅट हे प्रकरण मला तितकंसं पटत नाही. एकट्या, नियमित माणसाच्या घरी ते चांगलं चालतं. पण जिथे एक जण १९ वर आणतो आणि दुसरा तासाभराने २२ वर नेतो, तिथे यंत्र नक्की काय शिकणार? अशा घरी ती सोय बंद करून हाताने वेळापत्रक भरणं बरं.

घरात कोणी आहे की नाही हे ओळखण्याचे दोन मार्ग असतात. एक, यंत्रातला हालचाल टिपणारा सेन्सर. थर्मोस्टॅट बोळात असेल आणि माणूस आतल्या खोलीत वाचत बसला असेल, तर यंत्राच्या लेखी घर रिकामं. दुसरा, फोनचं ठिकाण. घरातल्या प्रत्येकाचा फोन जोडलेला असेल तरच हा मार्ग धड. आजीकडे स्मार्टफोन नसेल, तर बाकीचे बाहेर पडताच घर तिच्यासाठी थंड व्हायला लागतं. अशा घरी ही सोय बंदच ठेवावी.

वेगळ्या खोल्यांत ठेवायचे सेन्सर मात्र खरंच कामाचे आहेत, पण त्यांच्याकडून भलती अपेक्षा नको. रात्री झोपायच्या खोलीतलं तापमान प्रमाण माना, एवढं ते सांगू शकतात. डक्ट एकच असेल तर फक्त त्या खोलीत हवा ढकलणं त्यांच्या हातात नाही. ती खोली १९ ला येईपर्यंत बाकीचं घर २२ ला जाऊ शकतं.

आता तोट्याची बाजू. भिंतीवरचा थर्मोस्टॅट दशकानुदशकं टिकतो अशी लोकांची सवय आहे. हनीवेलचा गोल थर्मोस्टॅट १९५३ मध्ये बाजारात आला आणि कित्येक घरांत तो पिढी बदलेपर्यंत राहिला. स्मार्टचं आयुष्य कंपनीच्या सर्व्हरला बांधलेलं असतं. गूगलने नेस्टच्या पहिल्या दोन पिढ्यांच्या शिकणाऱ्या थर्मोस्टॅटची ॲपशी जोडणी आणि अपडेट २५ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केले. ती यंत्रं भिंतीवर हाताने चालतात, पण स्मार्ट म्हणून जे पैसे मोजले होते, तो भाग संपला. त्याआधी जानेवारी २०१६ मध्ये नेस्टच्याच एका सॉफ्टवेअर चुकीने बॅटऱ्या उतरल्या आणि ऐन थंडीत अनेक घरांचं हीटिंग थांबलं. म्हणून विकत घेताना एक प्रश्न जरूर विचारा: इंटरनेट नसताना भरलेलं वेळापत्रक चालू राहतं का? आणि मॅटरसारख्या (वेगवेगळ्या कंपन्यांची स्मार्ट उपकरणं एकमेकांशी बोलावीत म्हणून ठरवलेल्या) सामाईक मानकावर, कंपनीच्या सर्व्हरशिवाय चालणारं मॉडेल मिळत असेल तर त्याला झुकतं माप द्या.

काही वीज कंपन्या स्मार्ट थर्मोस्टॅटवर सवलत देतात आणि बदल्यात मागणी वाढली की तुमचं तापमान थोडं बदलण्याची परवानगी घेतात. व्यवहार वाईट नाही, पण सही करताना बघा, की त्या दिवशी तुम्हाला नकार देता येतो का.

सी वायर: सगळं अडतं ते इथे

कमी दाबाच्या, म्हणजे २४ व्होल्टच्या व्यवस्थेत थर्मोस्टॅट हा मुळात स्विच असतो. ‘आर’वर वीज येते. ती ‘डब्ल्यू’ला जोडली की हीटिंग, ‘वाय’ला जोडली की कूलिंग, ‘जी’ला जोडली की पंखा. साध्या थर्मोस्टॅटला एवढं पुरतं, कारण त्याचा स्वतःचा खर्च सेल भागवतात. स्मार्टमध्ये वायफाय आणि उजळ पडदा असतो, त्याला सतत वीज लागते, आणि ती परत जाण्याची वाट म्हणजे ‘सी’, कॉमन.

सी नसली तर काही स्मार्ट थर्मोस्टॅट इतर वायरींतून चोरून थोडी वीज घेतात. बऱ्याच घरांत ते खपून जातं. काही ठिकाणी मात्र रिले (विजेने चालणारा छोटा स्विच) टकटक करत राहतो, फर्नेस उगाच चालू-बंद होते किंवा थर्मोस्टॅट मधेच मान टाकतो. तेव्हा भिंतीतून आलेली केबल थोडी बाहेर ओढून बघा. न वापरलेली एखादी वायर मागे दुमडून ठेवलेली असते. ती फर्नेसच्या बोर्डवरच्या सी टर्मिनलला दुसऱ्या टोकाने जोडली की काम झालं. नसेलच, तर काही कंपन्या ॲडॅप्टर देतात, जो आहे त्याच वायरींवर काम भागवतो, किंवा २४ व्होल्टचा वेगळा ट्रान्सफॉर्मर लावता येतो. एवढं सगळं करायचं नसेल तर सेलवरचा प्रोग्रॅमेबल घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

झाकण उघडल्यावर बारीक वायरींऐवजी दोन-चार जाड वायरी आणि त्यांवर पिळून बसवलेल्या टोप्या दिसल्या, तर थांबा. ती १२० किंवा २४० व्होल्टची थेट लाइन आहे, भिंतीलगतच्या इलेक्ट्रिक हीटरची. नेहमीचा स्मार्ट थर्मोस्टॅट तिथे लावणं धोक्याचं. त्यासाठी वेगळी मॉडेलं असतात आणि ते काम इलेक्ट्रिशियनचं.

तीन व्यवस्थांत निवडीचा नियमच बदलतो. हीट पंपाला खोल सेटबॅक नको, कारण सकाळी तापमान पटकन गाठायला तो महागडी इलेक्ट्रिक कॉइल चालू करू शकतो. त्यासाठी ही कॉइल, म्हणजे सहायक हीटिंग, आवरणारा थर्मोस्टॅटच पाहा. जमिनीखालून तापणाऱ्या घराला बदलायलाच तासन्‌तास लागतात, तिथे दिवसभराच्या चढउताराला अर्थ नाही. आणि ज्वाला कमी-जास्त करू शकणाऱ्या कंडेन्सिंग बॉयलरला (जो धुरातली वाफ थंड करून तिचीही उष्णता वापरतो) ओपनथर्म, म्हणजे ‘किती तापव’ हे बॉयलरला सांगणारी भाषा, समजणारा थर्मोस्टॅट द्या. नुसता चालू-बंद करणारा दिला तर पाणी गरजेपेक्षा गरम फिरतं, आणि परतणारं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली आलं नाही तर कंडेन्सिंगचा फायदाच मिळत नाही.

मग कुणी काय घ्यावं

दिवस ठरलेला आहे, सी वायर नाही, घरातलं एक माणूस बटणांना घाबरत नाही: सात-दिवसी प्रोग्रॅमेबल. वेळा अनियमित, प्रवास जास्त, आजवरचा प्रोग्रॅमेबल कायम ‘होल्ड’वर: स्मार्ट, आणि तोही मधल्या दर्जाचा, फार शिकणारा नको. दिवसभर घरात कोणी ना कोणी असतंच, तर दोन्हींत फक्त रात्रीची बचत उरते. तेव्हा स्वस्त पडेल तो घ्या.

बसवताना

ब्रेकर बंद करा. फर्नेसचा आणि बाहेरच्या एसी युनिटचा ब्रेकर वेगळा असतो, दोन्ही बंद करा. जुन्या जोडणीचा फोटो काढा आणि प्रत्येक वायरीला तिच्या टर्मिनलच्या अक्षराची चिठ्ठी चिकटवा. रंगांवर विसंबू नका, आधीच्या मिस्त्रीने हाताला आली ती वायर वापरलेली असते. सोडलेल्या वायरी पेन्सिलीला गुंडाळून ठेवा, नाहीतर भिंतीत घसरतात. जुन्यात पाऱ्याची काचेची कुपी असेल तर तो कचऱ्यात न टाकता घातक कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

भिंतीतलं वायरींचं भोक पुट्टीने बुजवा. तिथून येणारी गार हवा सेन्सरच्या पाठीला लागते आणि थर्मोस्टॅट खोलीऐवजी भिंतीच्या पोटातलं तापमान मोजत बसतो. जागा बदलायची असेल तर आतली भिंत, जमिनीपासून सुमारे दीड मीटर, आणि ऊन, दिवा, शेगडी, हवेची जाळी यांपासून लांब. जुन्यात आरसी आणि आरएच (कूलिंगची आणि हीटिंगची वीज येणारी) ही दोन टर्मिनलं एका छोट्या तारेने जोडलेली असतील, तर नव्यात ती तार लागते की आतूनच जोडणी आहे हे पुस्तिकेत पाहा.

वीज सुरू केल्यावर आधी मेनूत व्यवस्थेचा प्रकार भरा. हीट पंप असेल तर ओ/बी वायर (हीट पंपाला तापवणं आणि गार करणं यांत पालटणारी) कूलिंगला चालू होते की हीटिंगला, हे बरोबर निवडावं लागतं. उलटं निवडलं की उब मागितल्यावर गार हवा येते, ते दिसलं तर तीच एक सेटिंग बदला. मग हीटिंग, कूलिंग, पंखा एकेक करून पाहा. कूलिंग मागितल्यावर कॉम्प्रेसर लगेच सुरू झाला नाही तर पाचेक मिनिटं थांबा, त्याच्या संरक्षणासाठी तेवढा विलंब मुद्दाम ठेवलेला असतो. बाहेर थंडी असेल तर ही चाचणी उन्हाळ्यापर्यंत राहू द्या. आणि पडदाच उजळला नाही, तर नवं यंत्र परत पाठवण्याआधी फर्नेसच्या बोर्डवरचा मोटारगाडीत असतो तसला ३ किंवा ५ अँपिअरचा छोटा फ्यूज बघा. ब्रेकर चालू असताना आर आणि सी एकमेकांना नुसत्या टेकल्या तरी तो उडतो.