बनावट ग्राफिक्स कार्ड आणि ‘तुमचा बोर्ड जुना आहे’ ही सबब

२०२१ साली ग्राफिक्स कार्डांचे भाव आभाळाला भिडलेले असताना मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून मी भाच्याच्या संगणकासाठी एनव्हिडिया जीटीएक्स १०५० टीआय म्हणून एक कार्ड ११ हजार रुपयांना घेतले. ते १०५० टीआय नव्हते. बाजारात बनावट कार्डे असतात हे पुष्कळांना ठाऊक आहे. परंतु अशा कार्डामुळे होणाऱ्या बिघाडाचे खापर घरच्या धडधाकट भागांवर फोडून गिऱ्हाइकाला पुढचा खर्च कसा करायला लावतात, हे फारसे कुणी सांगत नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

संगणक चौथ्या पिढीचा होता : आय५-४४६० प्रोसेसर, एच८१ मदरबोर्ड (पुढे नुसता बोर्ड), ८ जीबी डीडीआर३ रॅम आणि ४०० वॅटचा साधा एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, ज्याला ग्राफिक्स कार्डाची सहा पिनांची वायर नव्हती. अशा यंत्राला १०५० टीआय अगदी योग्य ठरते, कारण त्याला लागणारी ७५ वॅट वीज मदरबोर्डाच्या स्लॉटमधूनच, म्हणजे कार्ड बसवायच्या खाचेतूनच, मिळते. दुकानदारानेही हेच कार्ड सुचवले, तेही याच कारणासाठी, आणि त्याचा हा सल्ला शंभर टक्के खरा होता. विश्वास बसतो तो अशाच खऱ्या सल्ल्यामुळे.

खोक्यातून निघालेल्या कार्डावर मात्र सहा पिनांचा सॉकेट होता. काही कंपन्या १०५० टीआयलाही तो देतात, असे सांगून दुकानदाराने एसएमपीएसच्या मोलेक्स नावाच्या चार पिनांच्या वायरीवरून वीज घेणारा एक कन्व्हर्टर वर फुकट दिला. हे विधानही खोटे नव्हते. कार्डाच्या मागच्या पट्टीवर निळा व्हीजीए पोर्ट, म्हणजे जुन्या मॉनिटरला अॅनालॉग सिग्नल देणारा सॉकेट, होता, आणि जुना मॉनिटरसुद्धा चालेल म्हणून त्याचे त्याने कौतुक केले. खरा पुरावा तोच होता. १०५० टीआय ज्या पास्कल पिढीतले आहे त्या पिढीच्या चिपमध्ये अ‍ॅनालॉग सिग्नल बाहेर देण्याची सोयच ठेवलेली नाही. तेव्हा व्हीजीए पोर्ट असलेले ‘१०५० टीआय’ दिसले, तर पुढे काही विचारत बसण्याची गरज नाही. ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर, त्याने पेनड्राइव्हवर दिला आणि एनव्हिडियाच्या साइटवरचा नवा ड्रायव्हर टाकू नका, असे बजावले.

विंडोजमध्ये कार्डाचे नाव बरोबर दिसत होते, मेमरीही ४ जीबी दिसत होती. जुने, हलके गेम चालत. मोठा गेम सुरू केला की काही वेळाने पडद्यावर रंगीत पट्टे उमटत आणि संगणक गोठे. कधी सरळ बंदच पडे. दुकानदाराचे पहिले निदान असे, की एसएमपीएस कमजोर आहे. त्याने ४५० वॅटचा म्हणून दुसरा विकला. त्याच्या लेबलवर १२ व्होल्टच्या रांगेत १६ अँपिअर छापलेले आहेत, म्हणजे प्रोसेसर आणि कार्ड ज्या रांगेवर जगतात तिची क्षमता १९२ वॅट. खोक्यावरचा ४५० हा आकडा कुठून आला, ते छापणाऱ्यालाच ठाऊक. संगणक गोठणे काही थांबले नाही. मग दुसरे निदान : एच८१ बोर्डाचा स्लॉट पीसीआय एक्सप्रेस या जोडणीच्या २.० आवृत्तीचा आहे, कार्ड ३.० चे आहे, दोघांचे जमत नाही. आकडे दोन्ही बरोबर, निष्कर्ष धादांत खोटा. ३.० चे कार्ड २.० च्या स्लॉटमध्ये व्यवस्थित चालते, वेगात थोडासा फरक पडला तर पडतो. पण बोर्ड बदलायचा म्हणजे प्रोसेसर बदलणे आले, डीडीआर४ रॅम आली. वीस-पंचवीस हजारांची यादी त्याने तिथल्या तिथे कागदावर लिहूनही दिली.

ती यादी खिशात घालून मी घरी जीपीयू-झेड हे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर चालवले. २०१८ पासून त्यात बनावट एनव्हिडिया कार्डे ओळखण्याची सोय आहे. नावाच्या आधी ‘फेक’ अशी अक्षरे आली आणि कंपनीच्या चिन्हाच्या जागी धोक्याचा त्रिकोण. चिप निघाली जीएफ१०६, म्हणजे २०१० सालचे जीटीएस ४५०, फर्मी पिढीचे. खऱ्या १०५० टीआयमध्ये ७६८ शेडर, म्हणजे चित्राची आकडेमोड करणारे छोटे भाग, असतात, इथे १९२. कार्डाचा बायॉस, म्हणजे त्याच्या आतला मूळ प्रोग्रॅम, बदलून नाव आणि मेमरी खोटी वदवली होती. प्रत्यक्षात मेमरी १ जीबी असावी, असे लक्षणांवरून दिसत होते, कारण गेमने तेवढी भरली की पट्टे उमटत. सहा पिनांचा सॉकेट का, तेही उलगडले : ते कार्ड १०६ वॅट घेते. नव्या ड्रायव्हरला मज्जाव केला होता तो एनव्हिडियाने २०१८ मध्येच फर्मीसाठी नवे ड्रायव्हर काढणे बंद केले म्हणून.

खरेदीच्या वेळी दुकानदार १८ टक्के जीएसटी वाचवण्याचे आमिष दाखवून नुसते एस्टिमेट, म्हणजे कच्चे बिल, देत होता. मी पक्के बिल घेतले होते आणि त्यावर कार्डाचे पूर्ण नाव व सीरियल नंबर लिहवून घेतला होता. कार्ड परत घेण्यास त्याने आधी साफ नकार दिला आणि एस्टिमेटवाल्यांना ऐकवतात तेच ‘टेस्टिंग वॉरंटी संपली’, म्हणजे वस्तू तपासून पाहण्याची मुदत संपली, हे वाक्य मलाही ऐकवले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (तिचा आताचा क्रमांक १९१५) तक्रार नोंदवली; आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला ग्राहक आयोगात तक्रारीचे शुल्क लागत नाही हेही त्याच्या कानावर घातले, तेव्हा कुठे कार्डाचे ११ हजार परत मिळाले. एसएमपीएसचे मिळाले नाहीत, कारण बिलावर ‘४५० वॅट’ आणि खोक्यावरही ‘४५० वॅट’. खरे १०५० टीआय नंतर दुसरीकडून घेतले. ते त्याच एच८१ बोर्डावर, जुन्या ४०० वॅटच्या एसएमपीएसवर, कुठलीही जादा वायर न जोडता चालत आहे.